बॉल चालतो, कप नाही : बाळू पालवणकर यांची गोष्ट

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून येणारे हॉर्न काढलेत. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

 

आजची गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली. मी नववी-दहावीत असताना एका क्रिकेट कोचिंगला जायचो. कुठल्या, ते सांगत नाही. तिथे मैदानाची देखभाल करणारे एक काका होते आणि त्यांचा मुलगा आमच्याच वयाचा होता. आम्ही पोचायच्या आधी तो पाणी मारून, रोलर फिरवून, नेट बांधून मोकळा झालेला असायचा. मग आम्ही पॅड बांधायचो आणि तो बॉलिंग टाकायचा. तास, दीड तास. ऑफस्पिन टाकायचा आणि खरं सांगतो, आमच्यातल्या निम्म्यांना तो कळायचाच नाही. 'अजून दोन टाक रे', 'जरा हळू टाक रे', असं चालायचं. दोन वर्षांत एकदाही, एकदाही हं, आमच्यापैकी कुणी त्याला म्हटलं नाही की आता तू बॅटिंग कर. त्यात दुष्टपणा नव्हता. ते आमच्या डोक्यातच आलं नाही.

डोक्यातच न येणं, हे काय असतं? हा प्रश्न मला पुढे बऱ्याच वर्षांनी पडला. बाळू पालवणकर यांच्याबद्दल वाचताना पडला. आजचा एपिसोड त्यांच्यावर.

किती जणांनी हे नाव ऐकलंय? 'लगान' बघितलाय ना? त्यातला कचरा? गावातला अस्पृश्य, ज्याच्या हातून बॉल वळतो आणि ज्याला टीममध्ये घेण्यावरून भांडण होतं? सिनेमाची गोष्ट काल्पनिक आहे, १८९३ सालातली. पण जवळपास त्याच वर्षांत आपल्या पुण्यात, कॅम्पातल्या एका मैदानावर, एक खराखुरा डावखुरा मुलगा इंग्रजांना बॉलिंग टाकत होता. आणि त्याची गोष्ट सिनेमापेक्षा लांब आहे. कारण सिनेमा मॅच जिंकल्यावर संपतो. बाळूंच्या बाबतीत अडचण अशी, की ते मॅच जिंकत राहिले आणि तरी गोष्ट संपेना.

रोलर ओढणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. समाज चांभार. आडनावावरूनच कळतं की मूळ घर कोकणातलं. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे पोरं छावणीच्या आसपास वाढली. छावणी म्हणजे गोरे अधिकारी, गोरे अधिकारी म्हणजे क्रिकेट. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅट, जुने बॉल यांवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. चार भाऊ होते. बाळू थोरले, मग शिवराम, गणपत आणि विठ्ठल. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या एका पारशी क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. मग १८९२च्या सुमारास पूना क्लब. तो गोऱ्यांचा. तिथे महिना ४ रुपये. काम साधारण तेच. नेट लावा, पिच तयार करा, टेनिसच्या कोर्टवर चुन्याच्या रेघा मारा. आणि साहेब लोक प्रॅक्टिसला आले की बॉलिंग टाका.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. क्रिकेटमध्ये बॅटिंग हे साहेबाचं काम आणि बॉलिंग हे नोकराचं, ही कल्पना काही भारतात जन्मली नाही. ती इंग्लंडहूनच आली. तिकडे हौशी खेळाडू म्हणजे 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारा म्हणजे 'प्लेयर'. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या. काही मैदानांवर तर आत जायची फाटकंसुद्धा वेगळी. हा भेद इंग्लंडमध्ये अधिकृतपणे १९६२ साली संपला. १९६२! आणि घाम गाळून दिवसभर बॉलिंग टाकणारे बरेचदा हे पगारी लोकच. म्हणजे पुण्याच्या त्या क्लबात दोन उतरंडी एकमेकींवर बसल्या होत्या. एक विलायतेची वर्गाची आणि एक आपली जातीची. दोन्हींच्या तळाशी बाळू.

त्या क्लबात एक जण होता, कॅप्टन ग्रेग. त्याच्या नावाची आद्याक्षरं जे. जी., पहिलं नाव जॉन ग्लेनी, आणि सगळे त्याला 'जंगली' ग्रेग म्हणायचे. जॉन ग्लेनी भरभर म्हणून बघा. जमतंय ना? तर हा त्या काळी हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्यांमधला सगळ्यात भारी बॅट्समन. इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळायचा. म्हणे हा गडी बाकीच्यांच्या आधी येऊन बाळूंना तासभर बॉलिंग टाकायला लावायचा. आणि असंही सांगतात की आपल्याला आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. आता आठ आण्यांचा हिशोब करा. महिन्याचा पगार ४ रुपये. ग्रेगला आठ वेळा आउट केलं की महिन्याचा पगार सुटला! ही गोष्ट किती तंतोतंत खरी, ते बाजूला ठेवू. पण रोजचा तो सराव खरा होता आणि त्यातूनच दोघंही घडले. एकाची बॅट, दुसऱ्याचा बॉल.

फक्त एक होतं. इतकी वर्षं बॉलिंग टाकली, हजारो बॉल टाकले, पण त्या क्लबात बाळूंच्या हातात कुणी बॅट दिली नाही. आमच्या त्या कोचिंगवाल्या मुलासारखंच. डोक्यातच आलं नाही कुणाच्या.

मला वाटतं या नोकरीतून बाळूंना एक गोष्ट मिळाली, जी साहेबांना कधी मिळाली नसती. त्यांना पिच कळायचं. बघा ना, जो माणूस पहाटे पाणी मारतो, माती दाबतो, रोलर किती फिरवायचा ते ठरवतो, त्याला माहीत असतं की ओल कुठे राहिलीय आणि कुठे दुपारी तडा जाणार. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचं सगळं भांडवल तिथेच असतं. त्यांची जात जडेजाचीच, म्हणजे बॉलिंगची जात म्हणतोय हं मी. लेफ्ट आर्म, बोटांनी फिरवलेला, टप्पा पडून उजव्या बॅट्समनपासून बाहेर जाणारा बॉल. बाळूंकडे अचूक टप्पा होता, वेगात बदल होता आणि तासन् तास न कंटाळता टाकायची ताकद होती. ती ताकद रोलरच्या दांड्यावर कमावलेली.

मातीचं बोळकं

आता पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. आणि गावातला सगळ्यात चांगला बॉलर कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तो चांभार होता.

झाला वाद. क्लबमधले काही तेलुगू सदस्य म्हणाले, घ्या त्याला. काही ब्राह्मण सदस्य म्हणाले, छे, कसं शक्य आहे. असं सांगतात की खुद्द ग्रेगनं जाहीरपणे म्हटलं, बाळूला न घेणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. आणि एक मधला रस्ता निघाला. तो रस्ता मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

ठरलं असं, की मैदानावर बाळू सगळ्यांसारखे खेळाडू. बॉल सगळ्यांच्या हातातून फिरणार, बाळूंच्या हातूनही. त्याचा विटाळ नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत, पॅव्हेलियनमध्ये, चिनी मातीच्या कपातून चहा घेणार. आणि बाळू बाहेर उभे राहून मातीच्या बोळक्यातून. ते पिऊन झालं की फेकायचं. तोंड धुवायचं असेल तर मैदानाच्या कोपऱ्यात, आणि पाणी घालायला दुसरा कुणीतरी अस्पृश्य नोकर. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी.

आता शांतपणे विचार करा. बॉलला सगळे हात लावतात. तुम्ही बॉलिंगच्या आधी बॉल मांडीवर घासता, घाम लावता. बाळूंच्या घामाचा बॉल विकेटकीपरच्या हातात, तिथून स्लिपमधल्या माणसाच्या हातात. चालतंय. अर्ध्या तासानं चहाचा कप मात्र चालत नाही. म्हणजे विटाळ नावाची गोष्ट वस्तूत नव्हतीच, नाही का? जिथे बाळूंची गरज होती तिथे नियम वाकला. जिथे गरज नव्हती तिथे तो ताठ उभा राहिला.

मग मॅचेस जिंकायला लागले. सगळ्यात गाजलेली साताऱ्याची. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना होता. असं सांगतात की बाळूंची फिरकी बोथट करायला त्यांनी माणसाला कित्येक दिवस रोलर फिरवायला लावला. पिच एकदम पाटा. गंमत बघा, ज्या माणसानं आयुष्यभर रोलर ओढला, त्याला रोखायला रोलर! बाळूंनी तिथे सात विकेट घेतल्या आणि पुणं जिंकलं.

परतल्यावर कौतुक झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी म्हटल्याचं सांगितलं जातं की याच्याबरोबर खेळता, तर याच्याबरोबर बसून खायला-प्यायलाही हरकत नसावी. लोकमान्य टिळकांनी हार घातल्याचीही आठवण सांगतात. हळूहळू पुण्याच्या टीममधला चहाचा तो प्रकार सैल झाला.

आणि साताऱ्याची अजून एक गोष्ट. बाळूंनी सात विकेट घेतल्या त्यानंतर काही वर्षांनी, त्याच गावात, एक लहान मुलगा शाळेत जात होता. त्याला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असला तर वरून पाणी ओतायचा, नसला तर तहानलेलं राहायचं. त्या मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. एकाच गावात, थोड्याच वर्षांच्या अंतरानं. या दोघांची गाठ पुढे पडणार आहे. कशी, ते ऐकताना मला पहिल्यांदा धक्काच बसला होता.

मुंबई, आणि मुंबईहून विलायत

प्लेगच्या दिवसांत, १८९६च्या सुमारास, बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना, मरीन लाइन्सचा. पुन्हा तोच वाद. काही सदस्यांचा विरोध, कॅप्टन कीर्तिकरांचा आग्रह, आणि शेवटी प्रवेश. पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी, आणि रेल्वेच्या टीमकडूनही खेळ. नोकरी द्या आणि खेळवा, ही जी मुंबईच्या ऑफिस क्रिकेटची पद्धत आपण नंतर बघतो, तिच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी हे एक.

मुंबईत तेव्हा क्रिकेट धर्मावर वाटलेलं होतं. गोऱ्यांची टीम, पारशांची टीम. १९०७ पासून हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ ला मुसलमान आले, चौरंगी झाली. आज विचित्र वाटतं, पण त्या काळी मुंबईत यापेक्षा मोठं क्रिकेट नव्हतं.

त्याच्या जरा आधी, फेब्रुवारी १९०६. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंचे २४२ आणि १६०. गोऱ्यांचे १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि एरासकर यांनी गोऱ्यांना गुंडाळलं. टीममध्ये शिवरामही होते. म्हणजे दोन चांभार भाऊ 'हिंदू' या नावाखाली खेळत होते आणि ब्राह्मण, प्रभू, गुजराती सगळे त्यांच्यासाठी टाळ्या पिटत होते. स्वदेशीची चळवळ जोरात होती, त्यामुळे या विजयाला देशाच्या अभिमानाचा रंग चढला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्रानं मात्र वेगळंच लिहिलं. त्याचा आशय असा, की या भावांना हिंदू जिमखान्यात घेतलं गेलं, यानं हजारो तरुण हिंदूंची मनं जितकी मोकळी झाली तितकी बाकीच्या कुठल्या प्रयत्नांनी झाली नसतील.

मग येतं १९११. हिंदुस्थानची पहिली 'ऑल इंडिया' टीम इंग्लंडला गेली. त्याआधी १८८६ आणि १८८८ मध्ये पारशांच्या टीम गेल्या होत्या, पण सगळ्या धर्मांची मिळून ही पहिली. कॅप्टन कोण? पटियालाचे महाराजा भूपिंदर सिंग. वय वर्षं १९. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे.

टीम बहुतेक ठिकाणी हरली. फर्स्ट क्लासचे १४ सामने, त्यात १० हरले, २ अनिर्णित आणि २ जिंकले, लेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्याविरुद्ध. महाराज दरबारी कार्यक्रमांत इतके गुंतले की खेळले फार थोडे. आणि या सगळ्या पडझडीत एक माणूस रोज बॉलिंग टाकत होता. दौऱ्यात बाळूंच्या विकेट ११४, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. परक्या हवेत, परक्या पिचवर, पस्तिशीत. ज्यांचे बॉल आयुष्यभर साहेबांच्या सरावासाठी होते, त्यांनी साहेबांच्या घरी जाऊन हे केलं.

परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. या समाजातल्या तरुण पोरांसाठी बाळू म्हणजे काय होते, याची कल्पना करा. ज्या वर्षांत आपल्या माणसाचं नाव पेपरात कुठे येत नव्हतं, त्या वर्षांत हे नाव रोज येत होतं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे आंबेडकरही त्याच पोरांमधले. त्यांना बाळूंबद्दल मोठा आदर होता.

कप्तानपद

तर आता टीममध्ये कोण सिनिअर? बाळू. अनुभव कुणाकडे? बाळूंकडे. विकेट कुणाच्या? बाळूंच्या. मग हिंदूंचे कप्तान कोण?

बाळू नाहीत. कधीच नाहीत.

मागणी होती. दर वर्षी कुणी ना कुणी म्हणायचंच. १९१३ मध्ये हिंदूंचे कप्तान एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारात मोकळेपणी सांगितलं, की हा मान खरं तर माझे मित्र बाळू यांचा आहे, ते ज्येष्ठ आहेत. पै स्वतः ब्राह्मण. म्हणजे ज्याला खुर्ची मिळाली तोच म्हणतोय की ही खुर्ची माझी नाही. आणि तरी निवड समिती ढिम्म.

का? मला वाटतं बोळकं अजून तिथेच होतं, फक्त त्याचं रूप बदललं होतं. बॉलिंग टाकून घेणं म्हणजे काम करून घेणं. ते जमत होतं. पण कप्तान म्हणजे हुकूम देणारा. 'तू इथे उभा राहा, तू तिकडे जा', हे एका चांभारानं ब्राह्मणाला सांगायचं. ते घशाखाली उतरत नव्हतं.

१९२० साली स्फोट झाला. बाळू ४४ वर्षांचे. चौरंगीच्या सामन्याआधी पै यांना खेळता येणार नव्हतं. आता तरी बाळू? नाही. कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेलं, आणि बाळूंना टीममधूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन भावांनी काय केलं? नाव मागे घेतलं. आणि गुपचूप नाही, जाहीर निवेदन काढून. आम्ही खेळणार नाही, कारण इथे खेळ बघून नाही, जात बघून ठरतंय.

हे १९२० आहे, लक्षात घ्या. दोघंही भर बहरातले खेळाडू. चौरंगीत हजारो लोक बघायला यायचे. आणि दोन दलित खेळाडू म्हणतात, नाही खेळत, जा. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह अजून सात वर्षं पुढे होता.

परिणाम झाला. पुढच्या सामन्याला, पारशांविरुद्धच्या, पै परत आले. बाळूंना बोलावलं आणि उपकप्तान केलं. भाऊही परतले. आणि सामन्यात काही वेळ पै मैदानाबाहेर गेले. म्हणजे तेवढ्या वेळापुरती हिंदूंची टीम बाळूंच्या हुकमावर फिरली. तो बाहेर जाण्याचा प्रकार ठरवून केला होता असं मानणारे लोक आहेत. मलाही तसंच वाटायला आवडतं. पण मग वाईटही वाटतं. तीस वर्षं बॉलिंग टाकली, आणि मिळालं काय, तर दुसऱ्याच्या सौजन्यानं थोडा वेळ.

खरं कप्तानपद घरात आलं ते १९२३ मध्ये. धाकट्या विठ्ठलकडे. आणि त्या वर्षी हिंदू जिंकले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिलं. या चार भावांच्या आठवणी आपल्यापर्यंत पोचल्या त्यात त्या पुस्तकाचा मोठा हात आहे. आणि नव्या पिढीला बाळू कळले ते बरंचसं रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या २००२ सालच्या पुस्तकामुळे.

बाळूंचा फर्स्ट क्लासचा हिशोब सांगतो. ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. पंधरा धावांना एक विकेट! हिंदुस्थान पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. म्हणून त्यांच्या नावापुढे एकही टेस्ट नाही.

शेवटची मॅच

इथे संपवलं असतं तर गोष्ट छान गोड झाली असती. पण आता तो धक्का.

१९३२. इंग्रज सरकार दलितांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ करतं. आंबेडकरांची ती मागणी. गांधीजींचा विरोध, येरवड्यात उपोषण. आणि २४ सप्टेंबरला पुणे करार. त्या करारावर सही करणाऱ्यांत एक नाव आहे पी. बाळू. हो, आपलेच. आणि ते आंबेडकरांच्या बाजूचे नव्हते. त्यांचं मत होतं की वेगळे मतदारसंघ नकोत. हिंदूंच्या आत राहूनच बदल घडवू.

पुढे १९३७ ची निवडणूक. मुंबई शहरातली भायखळा-परळची जागा. स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार डॉ. आंबेडकर. काँग्रेसनं त्यांच्यासमोर कुणाला उभं केलं? बाळू पालवणकरांना.

आंबेडकरांना मतं १३,२४५. बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता, बाळूंचा. वाटलं, अहो, तुम्ही? मातीच्या बोळक्यातून चहा प्यायलेले तुम्ही? काँग्रेसनं तुम्हाला इथे पुन्हा बॉलिंगच टाकायला आणलं की! आणि तो आरोप अगदी चुकीचाही नाही.

पण नंतर विचार केला. बाळूंच्या जागी उभं राहून बघा. या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं होतं? मातीचं बोळकं जाऊन कप आलेला पाहिला होता. बंद दार उघडून जिमखान्यात गेले होते. त्यांच्या भावाला सगळ्या हिंदूंचा कप्तान झालेलं पाहिलं होतं. एका आयुष्यात! मग त्यांना का नाही वाटणार, की आत राहून, चांगलं खेळून, धीर धरून हे बदलतं?

आणि आंबेडकरांच्या जागी उभं राहून बघा. ते विचारणार, ठीक आहे, पण बाळू १९११ मध्ये ११४ विकेट घेऊनही कप्तान झाले नाहीत. मग ज्याला बॉल वळवता येत नाही, त्याचं काय? ज्याच्याकडे काहीच विशेष गुण नाही, साधा माणूस आहे, त्याला कप कधी मिळणार? हक्क मिळवायला आधी ग्रेगला आउट करून दाखवायचं का?

माझं मत विचाराल तर मी आंबेडकरांकडे आहे. आणि मला तिथे नेलं बाळूंच्याच करिअरनं. गुणानं दार उघडतं हे त्यांनी सिद्ध केलं. पण ते किती उघडतं, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसतं. जेवढी समोरच्याला गरज, तेवढंच. १९२० मध्ये पुढचं दार उघडलं ते विकेट घेऊन नाही. ते दोन भावांनी 'खेळत नाही' म्हटल्यावर उघडलं.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले.

जाता जाता तो कोचिंगवाला मुलगा. मागच्या वर्षी गावी गेलो तेव्हा चौकशी केली. तो आता एका शाळेत मुलांना क्रिकेट शिकवतो. भेटलो. चहा प्यायलो, टपरीवर, एकसारख्याच ग्लासातून. मी धीर करून म्हटलं, अरे, आपण तुला कधी बॅटिंग दिलीच नाही रे. तो हसला. म्हणाला, "तुम्ही गेल्यावर रोज करायचो की. बाबा टाकायचे."

मला काय बोलावं सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

तुमच्या आसपास असा कुणी असेल, जो फक्त बॉलिंगच टाकतोय, तर आठवा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवू. तोवर काळजी घ्या. भेटू.